कालवं जिथवर, पाणी तिथवर

ईद एक दिवस आधी आली, तेव्हा बेटावर कुणाचीच तक्रार नव्हती.

त्या संध्याकाळी पश्चिमेला ढग असे दाटले होते की सूर्य बुडाला की नाही हेही अंदाजानंच ठरवायचं. मशिदीच्या पायऱ्यांवर, धक्क्यावर, होड्यांमध्ये सगळे माना वर करून उभे. आणि माझी नणंद मीनोताई, जिची नजर घारीची म्हणून सगळं बेट मानतं, तिनं बोट वर केलं. "तो काय! कड्याच्या डोक्यावर. केसाएवढा आहे बघा." दोन पुरुषांना तो लगेच दिसला. एक माझा नवरा दुलोह. थोरल्या बहिणीनं दाखवलेलं त्याला लहानपणापासून सगळंच दिसतं. दुसरा शेजारचा लातेह. दुलोहला दिसतं आणि आपल्याला दिसत नाही, हे कबूल करण्यापेक्षा त्यानं समुद्रात उडी टाकली असती. दोन पुरुषांची साक्ष झाली, इमामांनी मान हलवली, मशिदीतला ढोल वाजला. मला काही दिसलं नव्हतं. पण पानांत बांधलेला चिकट भात शिजत टाकायचा होता, आणि रोजे धरून माझी कंबर मोडली होती. मी कशाला बोलते?

आता चंद्राचा आणि कालवांचा संबंध सांगते. आमच्याकडे पुरुष पाणी बघून घराबाहेर पडतात आणि बायका तारीख बघून. पुरुषांचं रोजचं समुद्रावर जाणं, त्यांना पाणी बघितलं की कळतं. आम्ही कालवांना जातो उधाणाच्या दिवसांतच, पाणी पार मागे हटतं तेव्हा. महिन्याच्या कुठल्या तारखेला ओहोटी कधी सरते हे आईनं मुलीला आणि सासूनं सुनेला सांगितलेलं असतं. पाणी रोज आदल्या दिवसापेक्षा उशिरा फिरतं. म्हणजे तारीख एक दिवस पुढे गेली असली, तर आम्ही समजतो त्याच्या आधीच पाणी परतायला लागणार. एक हंडी भात शिजून मुरेल, एवढं आधी. घरात बसल्यावर हा फरक काहीच नाही.

त्या महिन्याच्या उधाणाला ताई आणि मी शिट्टीच्या गुहेत गेलो. बाहेरच्या गुहा बायकांनी खरवडून साफ केल्या होत्या, आणि लातेहच्या मुलीच्या लग्नाला टोपल्या भरून कालवं हवी होती. आमची छोटी होडी कड्याच्या पोटाखाली, गुहेच्या तोंडाशी बांधली आणि गुडघाभर पाण्यातून आत शिरलो. वाटेत एके ठिकाणी छप्पर इतकं खाली येतं की नाक पाण्याला लागेपर्यंत वाकावं लागतं. कितीही मोठा माणूस असो, तिथं वाकतोच, म्हणून त्याला नमाजी दगड म्हणतात. त्याच्या पलीकडे खोली. एका घराएवढी, चहूकडून बंद, आणि भिंतींवर, कोपऱ्यांत, डोक्यावरच्या छपरालासुद्धा कालवंच कालवं.

ताई डोक्याला बॅटरी बांधून कामाला लागली. ती पन्नाशीची, अंगानं भरलेली, गुडघे कुरकुरणारे. पण हातातली धारदार लोखंडी आकडी अशी चालते की कालवाला आपण उघडलो हे कळायच्या आत त्याचा गर डब्यात.

"तुमच्या गावाला कालवं काय दातांनी फोडतात गं, हावा?" माझ्याकडे बघून ती म्हणाली.

"आमच्या गावाला कालवं नवरे आणून देतात."

"मग तिकडचाच करायचा होतास."

"केला असता. तुमच्या आईनंच तीन खेपा घातल्या आमच्याकडे. आठवतं का?"

"आईची नजर तेव्हाच अधू झाली होती," ताई म्हणाली आणि स्वतःच फिसकन हसली.

अशी आमची लग्न झाल्यापासूनची रीत. त्या हसण्यातच मला तो आवाज ऐकू आला. बारीक, लांबून कुणी तोंडानं शिट्टी घालावी तसा.

"ताई, शिट्टी."

"वारा असेल."

"आत कुठून येणार वारा?"

"मग वटवाघूळ."

"वटवाघूळ शिट्टी घालतं?"

"तुझ्याकडे बघून कुणीही घालेल."

पण तिची आकडी थांबली होती. त्या गुहेला शिट्टीची गुहा का म्हणतात हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. पाणी आत चढायला लागलं की खोलीतली हवा छपराच्या फटींतून बाहेर रेटली जाते आणि वाजते. म्हणजे पाणी फिरलं होतं. नुसतं फिरलं नव्हतं, बराच वेळ आधी फिरलं होतं. आम्ही बडबडीत होतो. मी खाली बघितलं. आत शिरताना गुडघ्याला लागणारं पाणी मांडीवर आलं होतं.

"अजून ओहोटी सरायलासुद्धा वेळ आहे," मी म्हणाले. "आज तारीख किती?"

ताईनं माझ्या मांडीवरच्या पाण्याकडे बघितलं. तिनं डबा तिथंच टाकला. मीनोताईनं भरलेला डबा टाकला, तेव्हा मीही माझा सोडला आणि तिच्यामागं निघाले.

नमाजी दगडापाशी पोचलो तर तिथं वाकायला जागाच उरली नव्हती. छपराची कड पाण्यात बुडाली होती आणि पाणी तिला चाटत संथ वर येत होतं. मी श्वास धरून डोकं खाली घातलं, हात पलीकडे लांबवला. पलीकडे नुसतं पाणी. पण लांब नव्हतं. त्या दगडाखालून एका दमात पार होता येईल, हे मला माहीत होतं. वर आले तेव्हा ताई दोन पावलं मागे सरकून उभी होती, एक हात कानावर ठेवून.

तिच्या कानाचं सांगायला हवं. लहानपणी शंख काढायला खोल बुडी मारताना तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. तेव्हापासून डोकं पाण्याखाली गेलं की थंड पाणी आत शिरतं आणि तिचं जग गरगरायला लागतं. वर कुठे, खाली कुठे, काही कळत नाही. समुद्रावर जन्मलेली बाई, पण अंघोळीचं पाणीसुद्धा खांद्यावरून घेते.

"तू जा," ती म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"मी वर बसते." तिनं मान वळवून बॅटरीचा उजेड कोपऱ्यात टाकला. तिथं छपराच्या अगदी जवळ एक कोनाडा होता, माणूस अंग चोरून बसेल एवढा. "बघ, त्यात एकही कालव नाही. कालवं जिथवर, पाणी तिथवर. कोनाडा कोरडा राहतो. भरती येईल, जाईल, मी पाय पोटाशी घेऊन बसेन. तू घरी जाऊन सांग, नाहीतर तो दुलोह बेटभर बोंबलत फिरेल. ओहोटीला न्यायला या. येताना भात आण."

किती शांतपणे बोलली. मला ते पटलं, कारण पटायलाच हवं होतं. कालव पाण्याशिवाय जगत नाही, हे आमच्याकडच्या पोरींना चालायच्या आधी कळतं. पाणी कमरेला आलं होतं. मी तिला खालून रेटलं, तिनं वरून ओढून घेतलं, माझ्या खांद्यावर पाय दिला, शिव्या दिल्या आणि एकदाची त्या कोनाड्यात जाऊन बसली. मी तिच्या गुडघ्यांवर हात ठेवला.

"भीती वाटेल?"

"तुझी बडबड नसेल. झोप काढेन."

मी निघण्यासाठी हात मागे घेतला. तो कोनाड्याच्या कडेवर टेकला आणि बोटांना काहीतरी टोचलं. वरून शेवाळ्याचा आणि चिखलाचा थर होता. मी नखांनी तो खरवडला. खाली एक कडा लागली, गोल, झिजलेली. तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी. सगळा कोनाडा वाट्यांनी भरलेला.

ज्यानं कधी कालव उघडलं आहे त्याला हे सांगावं लागत नाही. आकडी मारली की वरचं झाकण उडतं. खालची वाटी कातळाला धरून राहते, कित्येक वर्षं. कोनाड्यात कालवं नव्हती, कारण ती कुणीतरी काढून नेली होती.

"ताई, इथं कालवं होती."

"नव्हती."

"माझ्या बोटांखाली आहेत वाट्या. कुणी काढली?"

ती खाली बघायला तयार नव्हती. शिट्टी आता एका सुरात वाजत होती, चुलीवर विसरलेल्या किटलीसारखी.

"ताई!"

"मी काढली," ती ओरडली. "मी आणि आईनं. तुझं लग्न व्हायच्या आधी. झालं समाधान? जा आता, तुझ्यापुरता वेळ आहे अजून. दोघींनी मरून कुणाचं भलं होणार आहे?"

मला राग आला. खरं सांगते, भीती नंतर आली, आधी राग आला. बेटावरची सर्वांत खरी बाई म्हणून जिचं नाव घेतात, ती मला तोंडावर खोटं सांगून घरी पाठवत होती, आणि मी 'भात आणते' म्हणून निघालेसुद्धा असते. मग एकदम दुसरंच काहीतरी डोक्यात आलं.

"आणि चंद्र?"

तिनं पाय आणखी पोटाशी ओढले.

"तोही असाच दिसला होता ना?"

"फैसोन दुसऱ्या दिवशी दुपारच्या बोटीनं निघणार होता," ती म्हणाली. फैसोन तिचा एकुलता मुलगा, रनोंग बंदरात मोठ्या मासेमारी बोटीवर काम करतो, वर्षा-वर्षानं दिसतो. "मालक एक दिवस वाढवून देईना. ईदेचा घास माझ्या हातनं त्याच्या तोंडात जावा, एवढंच मनात होतं गं. माझं बोट वर कधी गेलं, मलाही कळलं नाही. आणि मग त्या दोघा शहाण्यांना खरंच दिसला!"

"अल्लाला काय सांगणार होतात?"

"त्याला सांगितलं मी. रोज सांगते. एक रोजा भरूनही काढला." तिनं आता खाली पाण्याकडे बघितलं. "पाण्याला सांगायचं राहिलं. सगळ्यांबरोबर मीही तीच तारीख धरून बसले, हावा. माझं खोटं मलाच खरं वाटायला लागलं होतं."

पाणी माझ्या छातीला लागलं. मी तिचा पाय धरला आणि खाली ओढला.

"उतरा."

"मी नाही येणार. मला जमणार नाही."

"उतरा म्हणते ना!"

ती उतरली, उतरली म्हणजे पडली माझ्या अंगावर. मी भिंतीवरचं एक कालव फोडलं आणि त्याचा गर तिच्या डाव्या कानात कोंबायला लागले.

"हे काय करतेस, मेले?"

"बूच लावतेय."

"कालवाचं?"

"मग काय सोन्याचं लावू? दुसऱ्या कानात पण घाला. डोळे मिटायचे. माझ्यासारखं उताणं व्हायचं, तोंड छपराकडे, हातांनी छप्पर धरत धरत पुढे जायचं. बुटक्या गुहेतून होडीत आडवं पडून जातो तसं. छप्पर तोंडासमोर आहे तोवर तुम्ही उलट्या होऊच शकत नाही."

तिच्या डोक्यावरचा रुमाल सोडवला, एक टोक तिच्या मनगटाला बांधलं, दुसरं माझ्या. चांगली गच्च गाठ मारली. बिस्मिल्ला म्हटलं आणि गेलो.

छपराला हात लावला तसा तळवा चिरला. कालवं पाण्याखालीही तशीच, सुरीसारखी. मी ओढत होते, रुमाल ताणला जात होता, ती येत होती. मग रुमाल थांबला. आणि उलटा ओढला गेला. तिच्या कानात पाणी शिरलं होतं. तिचं जग फिरलं आणि जिथून आलो तीच पुढची बाजू समजून ती जीव खाऊन तिकडे निघाली. ती माझ्या दुप्पट. मी एका हातानं छप्पर धरलं, ते सुटलं. गाठ सोडवायचा प्रयत्न केला. हो, केला, छातीत आग पेटल्यावर हात काय करतात ते आपल्याला विचारून करत नाहीत. ओल्या कापडाची गाठ दाताला दाद देईना. तिनं मला परत खोलीत ओढून आणलं.

वर आलो तेव्हा पाणी माझ्या गळ्याशी होतं. ताई ओकत होती. भिंत समजून माझं डोकं चाचपत होती. तिची बॅटरी गेली होती, माझी पिवळी पडली होती.

"सोड गाठ," ती म्हणाली. "हावा, पाया पडते तुझ्या. सोड."

"सुटत नाही."

"आकडीनं काप."

आकडी माझ्या कमरेला होती. आम्हा दोघींनाही ते माहीत होतं. मी ती काढली आणि अंधारात फेकून दिली. तिचा 'डुबुक' असा आवाज आला. याहून मूर्ख काम मी आयुष्यात केलं नाही, आणि करताना इतकी स्वस्थही कधी नव्हते.

"आता बसा," मी म्हणाले. "तुम्ही इथं, तर मीही इथं. तुमच्या भावाला दुसरी मिळेल. तुमच्या सवतीसारखी भावजय येईल, तुमच्या आईच्या भांड्यांत सुकट शिजवेल."

"गप."

"फैसोन येईल ईदेला. भात कोण घालेल, तीच."

"गप बस, सटवे!"

"मग चला! चला ना ताई..." आणि इथे मात्र माझं अवसान गेलं. मी लहान पोरीसारखी रडायला लागले. "मला नाही मरायचं हो. मला घरी जायचंय. आणि तुमच्याशिवाय जाता येत नाही मला."

पाणी चढत गेलं, पाय तळापासून सुटले, शिट्टी चालूच. ती बारीक होत होती. बाहेर रेटायला हवाच कमी उरली होती. आमची डोकी छपराला लागत होती.

"मी पुढे होते," ताई म्हणाली. "तू मागून ढकल. मी थांबले तर ढकल, वळले तर चाव. केस उपट. मला कळणार नाही मी कुठे आहे. तू सांग, तुझ्या हातानं."

तिनं उरलेल्या हवेत तोंड वर करून श्वास भरला. मीही भरला. आणि दुसऱ्यांदा त्या दगडाखाली गेलो, ती पुढे, मी मागे.

ती वळली. मी तिचा अंबाडा धरून तोंड फिरवलं. पुन्हा वळली. तिच्या कुशीत इतक्या जोरात नखं रोवली की तो वण अजून आहे. ती थांबली, तेव्हा मी माझं डोकं तिच्या पायांच्या तळव्यांना लावलं आणि पायांनी कातळ रेटला. कालवं पाठीत शिरत होती. माझ्या डोळ्यांसमोर हिरवं, मग लाल, मग काहीच नाही. रेटत होते एवढंच मला ठाऊक होतं. ती जिवंत आहे की मी लाकूड ढकलतेय, ते कळत नव्हतं.

मग माझा हात वर गेला आणि त्याला छप्पर लागलं नाही.

गुहेच्या तोंडाशी संध्याकाळचा राखाडी उजेड होता. आमची होडी भरतीनं वर उचलून कड्याच्या पोटाखाली दाबली होती, पाण्यानं भरलेली, निरुपयोगी. बाहेर कड्यातून लोंबणारं एक जाड मूळ होतं, ते मी काखेत धरलं आणि ताईला रुमालानं ओढून घेतलं. तिचं तोंड उघडं होतं, डोळे अर्धे. श्वास नव्हता. मी तिला कातळावर पालथी दाबली, पाठीत गुद्दे घातले, नाव घेऊन, शिव्या घालून, तिच्या आईला, तिच्या मुलाला, अल्लाला हाका मारून घातले. पाणी गेलं तिच्या नाकातोंडातून. पुन्हा गेलं. मग एक आवाज आला, गंजलेलं दार उघडावं तसा, आणि तिनं हवा आत ओढली.

पाणी चढत होतं, आम्ही मुळावर एकेक वीत वर सरकत होतो. तिचे दोन्ही हात माझ्या गळ्यात होते, इतके घट्ट की मलाच श्वास घेता येईना. तिला सैल सोड म्हणायची माझी छाती झाली नाही. दोघींच्या तळहातांचं रक्त एकमेकींच्या अंगावर वाहत होतं. एक होडी लांबून गेली. मी ओरडले, आवाज निघाला नाही. इंजिनाचा आवाज कड्यामागे विरून गेला आणि ताईचं कपाळ माझ्या खांद्यावर पडलं. आता हात सुटले तर सुटू देत, असंही एकदा मनात आलं.

ती होडी कड्याला वळसा घालून परत आली. दुलोह होता. दुपारी झोपून उठला, धक्क्यावर आला, पाणी बघितलं, आणि पाणी फिरलंय नि बायका नाहीत एवढं त्याला पुरलं. प्रत्येक गुहेच्या तोंडाशी हाका मारत आला होता. आम्हाला बघितलं आणि त्यानं इंजिन बंद केलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा. दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला, ओठ हलले, आणि शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "कालवं कुठायत?"

माझ्या नवऱ्याला भ्यायल्यावर काय बोलावं ते सुचत नाही. मला माहीत आहे, ताईला तर माझ्याही आधीपासून. तरी त्यानं आम्हाला ओढून होडीत घेतलं, तशा आम्ही दोघी त्याच्यावर तुटून पडलो. एका रुमालानं बांधलेल्या दोन बाया, रक्ताळलेल्या हातांनी त्याच्या छातीवर, खांद्यावर, तोंडावर मारत होतो, आणि मारताना मोठमोठ्यानं रडत होतो.

त्यानं एका हातानं मूळ धरून होडी स्थिर ठेवली आणि आम्हाला मारू दिलं.